नवऱ्याला किडनी देताना: फाइल, कमिटी आणि सासूबाईंची जुनी कालनिर्णयं

ऑगस्ट २०२३ मध्ये यांच्या कंपनीत वार्षिक तपासणी झाली आणि बीपी १९०/११० निघालं. कंपनीच्या डॉक्टरांनी तिथूनच रक्त तपासायला पाठवलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, ६.८. तो आकडा किती वाईट आहे हे तेव्हा आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं. नगरच्या किडनीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पुढे सरकवला आणि सरळ सांगितलं, दोन्ही किडन्या आकसल्यात, हे काही आजचं दुखणं नाही. गोळ्यांवर जितके महिने निघतील तितके काढू, मग डायलिसिस.

आता ऑपरेशनला वर्ष उलटून गेलंय. या काळात मंडळीतल्या (म्हणजे आमच्या चर्चमधल्या) आणि बाहेरच्याही बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं, की कागद कुठले लागतात, पैसे कसे उभे केले, तुला काही त्रास होतो का. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. आम्ही ख्रिस्ती आहोत, तेव्हा प्रार्थनेचं ओघाने येणारच. ज्यांना फक्त कागदपत्रांचं हवंय त्यांनी तेवढे परिच्छेद ओलांडून पुढे जावं, माझी काही हरकत नाही.

नोव्हेंबरात डाव्या हाताला फिस्टुला केला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हातातली धमनी आणि शीर जोडली. डायलिसिस लागणार हे दिसत असेल तर फिस्टुला आधीच करून घ्या, कारण तो वापरायजोगा व्हायला दीड-दोन महिने जातात आणि ऐनवेळी मानेत नळी घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं. त्या हाताला पुढे कधीही बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही. नर्स बदलल्या की विसरतात, आपण सांगायचं. जानेवारी २०२४ मध्ये डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पहिल्या काही वेळी १२०० रुपये भरले. मग केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव बसलं आणि ते पैसे वाचले. योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, बिल भरून झाल्यावर नको.

यांची पाळी पहाटे साडेपाचची होती. आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्या चाचांनी स्वतःहून सांगितलं, मी सोडीन. जानेवारीच्या थंडीत पाच वाजता दाराशी रिक्षा उभी. पैसे फक्त गॅसचे.

भेटायला येणारे सगळे शहाळी घेऊन यायचे. डायलिसिसवरच्या माणसाला नारळपाणी चालत नाही, त्यात पोटॅशियम फार. पाणी दिवसाला एक लिटर, त्यात चहा, आमटी सगळं आलं. बटाटा चिरून पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून मग शिजवायचा. हे सगळं मी एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं आणि शहाळी शेजारच्या मुलांना वाटली.

शहाळी परवडली, पण बोलणी नाही. एक बाई घरप्रार्थनेला आल्या आणि जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, विश्वास कुठेतरी कमी पडतोय, नाहीतर एवढी प्रार्थना होऊन उतार कसा पडत नाही. आणखी एकांनी विचारलं, देवाने दिलेलं शरीर असं काढून द्यायला चालतं का? आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) या दुसऱ्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर दिलं, की प्रभूने स्वतःचं शरीर दिलं, आपण त्यातलं एक किडनीएवढं शिकलो तर कुठे बिघडलं. पहिल्या बाईंना मात्र कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. ते वाक्य पुढे कित्येक रात्री माझ्या उशाशी होतं.

दाता कोण, हा विषय मार्चमध्ये निघाला. सासूबाईंचं वय ७६, त्या बाद. दिरांना साखर निघाली. यांचा गट बी, माझा ओ, म्हणजे गटाचा प्रश्न नव्हता. लोक मला उगाच थोर ठरवतात म्हणून सांगते, दुसरं कुणी उरलंच नव्हतं आणि मुलं शाळेत होती. विचार करायला फार जागा नव्हती. ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. तपासण्यांना एप्रिल-मे गेला. दोघांचं जुळतं का त्यासाठी क्रॉसमॅच आणि एचएलए, किडनीचं काम बघायला डीटीपीए स्कॅन, तिच्या रक्तवाहिन्या बघायला सीटी अँजिओ, शिवाय बायकांसाठी कर्करोगाच्या मॅमोग्राफी आणि पॅप या तपासण्या. मानसोपचारतज्ज्ञांनी मला एकटीला बसवून विचारलं, घरच्यांचा दबाव आहे का. प्रत्येक तपासणीच्या दोन प्रती काढून ठेवा, त्या पुढे फाइलला लागतात.

आणि मग फाइल. ज्यांनी ती केली त्यांनाच ती कळेल.

जिवंत दात्याकडून अवयव घ्यायचा तर अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे कमिटीची मंजुरी लागते. नवरा-बायको ‘जवळचे नातेवाईक’ यात बसतात, पण ते नवरा-बायको आहेत हे सिद्ध करावं लागतं. पैसे देऊन कुणाला बायको म्हणून उभं करण्याचे प्रकार झालेत, म्हणून ही कडक तपासणी. ती योग्यच आहे, हे आज म्हणते. जूनमध्ये म्हणत नव्हते. लग्नाचा दाखला, लग्नाचे फोटो, मुलांचे आई-वडिलांच्या नावांसह जन्मदाखले, सगळं कुटुंब एकत्र असलेला फोटो, दोघांचे आधार, पॅन, रेशनकार्ड. पती-पत्नीसाठी अर्जाचा नमुना वेगळा असतो; हॉस्पिटलचे ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर तो देतात आणि त्यांच्याशी गोड राहण्यातच शहाणपण आहे.

आमचं लग्न २००४ सालचं, चर्चमध्ये, ख्रिस्ती विवाह कायद्याखाली. दाखला होता, पण त्यावर माझं बाप्तिस्म्याचं नाव, आधारवर शाळेतलं नाव, आणि आडनावाचं स्पेलिंग तिन्हीकडे तीन तऱ्हांचं. को-ऑर्डिनेटर म्हणाल्या, मूळ रजिस्टरची प्रमाणित प्रत आणा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. प्रतिज्ञापत्र नोटरीकडे तासाभरात झालं. रजिस्टरसाठी मात्र वेळ गेला, कारण लग्न लावणारे पाळक केव्हाच बदलून गेलेले आणि जुनी रजिस्टरं ज्या कपाटात होती त्याची किल्ली एका निवृत्त सेक्रेटरींकडे. शेवटी पान सापडलं. निळ्या शाईत, साक्षीदार म्हणून सासऱ्यांची सही, वळणदार. ते जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. चर्चमध्ये लग्न झालेल्यांना माझा सल्ला एवढाच, की आत्ताच, काही गरज नसताना, रजिस्टरची प्रमाणित प्रत काढून ठेवा. तीवर लग्न लावणाऱ्या पाळकांचं नाव, परवान्याचा उल्लेख आणि शिक्का आहे ना बघा.

उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच. मे महिन्यात तलाठी निवडणुकीच्या कामात, १३ तारखेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान. दाखला हातात आला जूनच्या मध्यावर.

लग्नाचे फोटो कुठे आहेत हे कुणालाच आठवेना. सासूबाई म्हणाल्या, पत्र्याच्या ट्रंकेत बघ. ट्रंकेत अल्बम होता, पण त्याच्यावर सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता, जुन्या कालनिर्णयांचा. मला वाटलं रद्दी.

तारखांच्या चौकटीत सगळीकडे त्यांचं बारीक अक्षर. दूध किती, सिलिंडर कधी लावला, कामवालीचा खाडा, कुणाचं बारसं. आणि मधेमधे, त्याच पेन्सिलने, त्याच आकारात: ‘सहामाही फी भरली. मंडळीतून ३०० न मागता आले.’ ‘पगार झाला (तीन महिन्यांचा). प्रभूने चालवलं.’ ‘पत्रे बदलले, दादांनी पैसे घेतले नाहीत.’ सासरे मिशनच्या एका दवाखान्यात ड्रेसर (मलमपट्टी करणारे) होते आणि पगार रखडणं ही त्या घरातली नेहमीची गोष्ट. उद्गारचिन्ह एकही नाही, वचन लिहिलेलं नाही. दुधाच्या हिशेबाला लागून देवाचा हिशेब.

“आई, हे का लिहून ठेवायचात तुम्ही?”

“विसरायला होतं गं. पगार झाला की माणूस विसरतं.”

त्यांची आई बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची ती पदरात बांधून आणायची आणि पोरांना वाटण्याआधी डोळे मिटून आभार मानायची. सासूबाई म्हणतात, आम्हाला भूक लागलेली आणि हिची प्रार्थना संपेना, फार राग यायचा. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती रोज तेच तेच मोठ्याने सांगायची, अमक्या दिवशी हे मिळालं, तमक्या दिवशी ते. लेकीला लिहिता येत होतं, तिने लिहिलं.

गठ्ठा मी डायलिसिसच्या वेळी सोबत नेऊ लागले. चार तास बाकावर बसून करायचं काय? यांना वाचून दाखवायचे. यांना हसू यायचं, ‘अगं, ती फी मीच बुडवली होती, वाटेत भेळ खाल्ली.’ मग १९८९ चा ऑगस्ट आला.

त्या महिन्यात घरात दोन मुलांना विषमज्वर झाला होता. हे बारा वर्षांचे, धाकटी बहीण सात वर्षांची. एका चौकटीत लिहिलंय, ‘बाळूचा ताप उतरला. उपकार.’ चारच दिवसांनी, ‘बेबी प्रभूकडे गेली.’ त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुधाचा आकडा बदलतो. आधी रोज १ लिटर, पुढे पाऊण. महिनाअखेरपर्यंत पाऊण, पाऊण, पाऊण.

यांनी ते पान माझ्या हातातून घेतलं आणि फिस्टुला नसलेल्या हाताने बराच वेळ धरून ठेवलं. बोलले काहीच नाहीत. मशीन चालू होतं.

मला तोवर असं वाटायचं की मागचे उपकार आठवणं म्हणजे चांगलं चांगलं वेचणं. उपासनेत साक्ष देताना, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगताना, आपण तेच करतो, जे झालं नाही ते गाळतो. इथे एकाच पानावर दोन्ही होतं आणि लिहिणारीने एकही खोडलं नव्हतं.

पाळकसाहेब जुलैत घरी आले तेव्हा त्यांना मी हे दाखवलं. आमच्या दारावरच्या पाटीवर ‘एबनेझर’ (साहाय्याचा धोंडा) आहे, ती सासऱ्यांनी लावली. नगरमध्ये ख्रिस्ती वस्तीत या नावाचं एखादं तरी घर सापडतंच. बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याने पलिष्टी शत्रूंवर विजय मिळाल्यावर मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा करून त्याला हे नाव दिलं आणि इथवर परमेश्वराने साहाय्य केलं असं म्हटलं, ती गोष्ट रविवारच्या शाळेपासून पाठ. ती पहिल्या शमुवेलाच्या सातव्या अध्यायात आहे. पाळकसाहेबांनी चौथा अध्याय उघडला. तिथे इस्राएल लोक एबनेझर जवळच तळ देऊन पलिष्ट्यांशी लढतात आणि सपाटून हरतात. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटीसुद्धा जाते. म्हणजे विजयाच्या धोंड्याला शमुवेलाने पराभवाच्या जागेचं नाव दिलं. हे आधी कुठल्याच प्रवचनात माझ्या कानावर आलं नव्हतं. त्या चपला घालता घालता बोलणाऱ्या बाईंचं वाक्य मला त्या दिवसापासून जरा कमी छळायला लागलं.

पैशाचं सांगते. हॉस्पिटलचं अंदाजपत्रक साडेआठ लाख, औषधं वेगळी. जन आरोग्य योजनेत प्रत्यारोपण आहे, पण ते हॉस्पिटल प्रत्यारोपणासाठी त्या योजनेत नव्हतं. तुम्ही जिथे जाणार तिथे हे आधी लेखी विचारा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. आम्ही दुसऱ्या गटात बसलो. त्यासाठी दाखल व्हायच्या आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा अधिकाऱ्यांकडे उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जायचं. बाकी यांच्या पीएफमधून आजारपणाची उचल, माझ्या बांगड्या गहाण, दिरांनी दीड लाख, मंडळीची पाकिटं. एका पाकिटावर नाव नव्हतं, आत ११,००० होते. शेजारच्या काकूंनी सिद्धिविनायक न्यासाच्या वैद्यकीय मदतीचा अर्ज स्वतः आणून दिला, आणि मंडळीत त्यावर कुजबूज झाली. सासूबाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, ‘एलिया संदेष्ट्याला भाकर कावळ्यांनी आणली, त्याने कावळ्यांची जात विचारली नाही. भर.’ भरला.

कमिटीची मुलाखत सप्टेंबरमध्ये झाली. त्याचं व्हिडिओ चित्रीकरण करतात, घाबरू नका. आधी दोघांना एकत्र, मग वेगळं. लग्न कुठे झालं, सासऱ्यांचं नाव काय, मुलं कितवीत, खर्च कोण करतंय, एक किडनी गेल्यावर पुढे काय धोके आहेत ते सांगा. शेवटचा प्रश्न नीट तयार करून जा, डॉक्टरांनी समजावलेलं आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. एका सदस्यांनी रजिस्टरची प्रत हातात घेऊन विचारलं, हे साक्षीदार कोण? मी म्हटलं, सासरे, वारले. सगळ्या कुटुंबाचा फोटो आम्ही मुद्दाम स्टुडिओत काढून घेतला होता, त्यात यांचा चेहरा सुजलेला आहे आणि धाकटा रुसलेला. तोही चालला. मंजुरीचं पत्र आठवड्याभरात आलं.

ऑपरेशन १५ ऑक्टोबर २०२४. माझी डावी किडनी दुर्बिणीतून काढली. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. पोटात भरलेल्या वायूमुळे तसं होतं, दोन दिवसांत थांबतं. नर्सने येऊन सांगितलं, तुमच्या किडनीने टेबलावरच लघवी सुरू केली. इतक्या आनंदाने लघवीची बातमी मी कधी ऐकली नव्हती. पाचव्या दिवशी मला सोडलं. दात्यांसाठी थोडक्यात, सहा आठवडे जड उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. अंगदुखीच्या गोळ्या मनाने कायमच्या बंद. दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं.

हॉस्पिटलजवळ ९,००० भाड्याने एक खोली घेतली होती, तीन महिन्यांसाठी. ती घ्याच. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा रक्त तपासावं लागतं, नगर-पुणे करत बसलात तर संसर्गाचा धोका.

आणि नोव्हेंबरच्या शेवटी, सगळे फोन करून अभिनंदन करून झाल्यावर, क्रिएटिनिन १.३ वरून २.४ वर गेलं.

शरीर किडनी नाकारतंय का हे बघायला बायॉप्सी केली. अहवालाला दोन दिवस. खोलीत मी एकटी. त्या रात्री मी प्रार्थना केली नाही, भांडले. एवढं सगळं करून आणायचं आणि इथे सोडायचं, हे कसलं? बायबलमधलं ७७ वं स्तोत्र काढलं, कारण त्यातला माणूसही रात्री झोपू शकत नाही आणि विचारतो, देव कृपा करायची विसरला का. पुढे तो ठरवून जुन्या गोष्टी आठवायला बसतो. त्याला बरं वाटलं असं स्तोत्रात कुठेही लिहिलेलं नाही. मलाही वाटलं नाही. पण मोबाइलमध्ये १९८९ च्या त्या पानाचा फोटो होता, तो उघडून बसले. ज्या बाईने ‘उपकार’ लिहिल्यावर चार दिवसांनी तसं लिहिलं, तिने पुढच्या सप्टेंबरच्या पानावर पुन्हा काय लिहिलं असेल? ते पान माझ्याकडे नव्हतं. रात्री साडेअकराला घरी फोन केला. सासूबाई जाग्याच. गठ्ठा सोडून, भिंग लावून त्यांनी वाचलं, “दूध पाऊण. सिलिंडर लावला. ११ तारखेला लिहिलंय, बाळू शाळेत गेला, उपकार.” मग म्हणाल्या, “बस का? झोप आता. उद्या रिपोर्ट घ्यायला जायचंय ना.”

अहवालात सौम्य रिजेक्शन निघालं. तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनं शिरेतून, मग आकडा हळूहळू उतरला. आज १.४ वर स्थिर आहे. कायम असाच राहील असं कुठलाच डॉक्टर सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

औषधांचा खर्च पहिले काही महिने १४,००० च्या आसपास होता, आता नऊ-साडेनऊ. टॅक्रोलिमसची (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीची) पातळी तपासायची असेल त्या सकाळी गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं, गोळी डब्यात बरोबर न्यायची. कंपनी बदलून स्वस्त गोळी मिळते म्हणून डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. दोन गजर लावा, एक रुग्णाच्या मोबाइलवर आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या.

गेल्या सुगीच्या सणाला मंडळीने यांना साक्ष द्यायला उभं केलं. यांना बोलायची सवय नाही, म्हणून क्रिएटिनिनचे आकडेच तारखांसकट वाचून दाखवले, ६.८ पासून. बायॉप्सीचा आठवडाही सांगितला. मग बहिणीचं सांगितलं, जे मंडळीतल्या नव्या पिढीला माहीतच नव्हतं. बाहेर आल्यावर लोक हात मिळवत होते, कुणी डोळे पुसत होतं. सासूबाई पायरीवर चपला शोधत होत्या. त्यांनी यांच्याकडे मान वर करून पाहिलं आणि चांगल्याच रागावल्या.

“सगळ्यांची नावं घेतलीस, डॉक्टरांची, पाळकसाहेबांची. पहाटे पाचला रिक्षा कोण आणत होतं रे? चाचांचं नाव कुठाय?”

पुढच्या रविवारी त्यांनी पाळकसाहेबांकडून दोन मिनिटं मागून घेतली आणि यांना पुन्हा उभं केलं.